पन्नाशीनंतर पगारी आणि उपयोगाचं काम: नाशकात कुठे मिळेल?

थ्री_फेज

नमस्कार मंडळी. वय ५४. अंबडच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होतो, इलेक्ट्रिकल साइड. आयटीआय वायरमन, नंतर सुपरवायझरचं सर्टिफिकेट काढलं. यंदा कंपनीने व्हीआरएस (स्वेच्छानिवृत्ती) आणली, घेतली. (ज्यांनी घेतली नाही त्यांची बदली कुठे होतेय ते दिसत होतं, त्यामुळे फार विचार करावा लागला नाही.) घराचं कर्ज फिटलंय, मुलगी इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, बायको शाळेत क्लार्क आहे.

ओळखीतून दोनच प्रकारच्या ऑफर येतात. एक सिक्युरिटी सुपरवायझर, दुसरी विमा एजंट. दोन्ही कामांना नावं ठेवत नाही, पण मन होत नाही. आता उरलेली आठ-दहा वर्षं असं काम करावंसं वाटतं, की ज्याचा कुणाला तरी सरळ उपयोग होईल. शाळा, दवाखाना, संस्था, काहीही. पण फुकट करायची ऐपत नाही. महिन्याला १८-२० हजार सुटले तर भागेल.

नाशिक आणि आसपास असं काही आहे का? कुणी केलंय का? प्रवचन नको, माहिती द्या. आगाऊ धन्यवाद.

गोदाकाठ

अभिनंदन! खरं आयुष्य आता सुरू झालं. आमच्या इंदिरानगरच्या ज्येष्ठ नागरिक संघात या. आम्ही रक्तदाब तपासणी शिबिरं घेतो, मनपा शाळेत वह्या वाटतो, गोदाघाट स्वच्छता असते. पैशाचा विचार एकदा सोडला की माणूस मोकळा होतो. मी स्वतः अनुभवलंय.

थ्री_फेज

काका, आदर आहे. पण तुम्ही सरकारी पेन्शनीत निघालात असं धरून चालतो. माझी ईपीएसची (पीएफबरोबरची) पेन्शन ५८ ला सुरू होणार. २०१४ पर्यंत त्यात पगाराची मर्यादा साडेसहा हजार धरत होते, त्यानंतर १५ हजार. हिशेब करून बघितला, साडेतीन-चार हजारांच्या पुढे जात नाही. तेवढ्यात मोकळं कसं व्हायचं?

टवाळ_नाशिककर

काका, मिसळीचं दुकान टाका. नाशकात याहून मोठी समाजसेवा नाही. 😄

अनुजा_कॉलेजरोड

सामाजिक न्याय मंत्रालयाचं एक पोर्टल आहे, 'सेक्रेड' नावाचं. ज्येष्ठांना पुन्हा नोकरी मिळावी म्हणून ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झालं. तिथे नाव नोंदवता येईल.

थ्री_फेज

ताई, बघितलं. ते साठीच्या पुढच्यांसाठी आहे. आणि राज्य सरकारची २०२४ ची युवा कार्य प्रशिक्षण योजना, ज्यात सहा ते दहा हजार विद्यावेतन मिळतं, ती ३५ पर्यंत. म्हणजे ३५ पर्यंत युवा, साठनंतर ज्येष्ठ. मधले आम्ही नुसते कर भरायला.

हिशेबनीस

तुमच्या प्रश्नाचं उत्तर जरा लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

मी बँकेतून निवृत्त झालो आणि गेली काही वर्षं त्र्यंबक-पेठ पट्ट्यात शिक्षणाचं काम करणाऱ्या एका संस्थेचे हिशेब बघतो. पगारी. आठवड्यातून तीन दिवस. संस्थांची आतली स्थिती सांगतो, म्हणजे मागायचं काय आणि किती ते तुम्हाला कळेल.

संस्थेत पगार कमी का असतात? लोकांना वाटतं चालक कंजूस असतात. काही असतातही. पण खरं कारण पैसा कोणत्या खर्चाच्या नावाखाली येतो त्यात आहे. परदेशी देणगीतून प्रशासनावर किती खर्च करायचा याची मर्यादा २०२० च्या दुरुस्तीत ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. कंपन्यांचा सीएसआर (सामाजिक जबाबदारीचा) निधी प्रकल्पाला मिळतो: इतक्या मुली, इतके बंधारे, इतकी शौचालयं. त्यात 'हिशेबनीस' किंवा 'दुरुस्ती करणारा' अशी ओळच नसते. मग ही कामं कोण करतं? एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदवी) झालेली तेवीस वर्षांची मुलगी, जिला खरं तर गावात बायकांच्या बैठकीत असायला हवं, ती रात्री बिलं चिकटवत बसते.

म्हणून माझं सांगणं असं, की 'मला समाजसेवा करायची आहे' म्हणत संस्थेच्या दारात जाऊ नका. असे लोक रोज येतात आणि त्यांना चहा पाजण्यात संस्थेचा वेळ जातो. 'तुमच्याकडे वीज, पाणी, पंप, जनरेटर, सोलर यांचं कोण बघतं?' एवढंच विचारा. आश्रमशाळा किंवा वसतिगृह चालवणाऱ्या ठिकाणी हे विचारलंत तर तुम्हाला सोडणारच नाहीत. आणि पगार प्रकल्पाच्या अंदाजपत्रकातच टाकायला सांगा, 'तांत्रिक देखरेख' म्हणून. नंतर मागून मिळत नाही, अंदाजपत्रक बनतानाच मागायचं असतं. नवीन आर्थिक वर्षाचे प्रस्ताव साधारण जानेवारी ते मार्चमध्ये लिहिले जातात, तेव्हा तिथे असा.

अजून एक, पीएफबद्दल. पन्नाशीनंतर पेन्शन लवकर घेता येते, पण ५८ च्या आधीच्या प्रत्येक वर्षाला चार टक्के कापतात आणि ती कपात कायमची असते. घेऊ नका. पुढची जागा पीएफ लागू असलेली असेल तर जुना यूएएन (पीएफ खात्याचा कायमचा नंबर) तोच द्या, सेवा जोडली जाते. नसेल तर ५८ पर्यंत थांबा. कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम संपतोय ना? त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत बदलून मिळते का ते मुदत संपायच्या आधी विचारा, पन्नाशीनंतर नवी पॉलिसी काढताना रक्तातली साखर आडवी येते.

टेट_उत्तीर्ण

माफ करा, पण मला या धाग्यावर राग येतोय. मी २९ वर्षांचा, डीएड, टीईटी (शिक्षक पात्रता) आणि टेट (शिक्षक भरतीची अभियोग्यता चाचणी) दोन्ही पास. जुलै २०२३ मध्ये शासनाने काय काढलं ते आठवतंय का? जिल्हा परिषद शाळांत रिकाम्या जागी निवृत्त शिक्षक घ्या, सत्तर वर्षांपर्यंत, २० हजार मानधनावर. ज्यांना पेन्शन चालू आहे त्यांनाच वरून २० हजार, आणि आम्ही खासगी क्लासमध्ये आठ हजारांवर. वर पुन्हा 'अनुभवाचा उपयोग समाजाला'. तुमचा अनुभव आम्हाला उपाशी ठेवतोय.

गोदाकाठ

बाळा, ज्येष्ठांबद्दल असं बोलू नये. माझे किती विद्यार्थी आज अमेरिकेत आहेत.

टेट_उत्तीर्ण

सर, त्यांना तुम्ही नोकरीत असताना शिकवलंत. मी त्या पगाराबद्दल काही बोललोच नाही.

वकिलीण_मेहेरसिग्नल

टेट_उत्तीर्ण बरोबर बोलतोय. भरती थांबवायची आणि निवृत्तांना मानधनावर घेऊन वेळ मारून न्यायची, हे म्हाताऱ्यांचं पुनर्वसन नाही, तिजोरीची काटकसर आहे. नियमित पद रिकामं आहे तिथे स्वस्तात जाऊन बसणं टाळावं.

पण अशीही कामं आहेत जिथे वयच लागतं. विधी सेवा प्राधिकरणाचे पॅरा लीगल व्हॉलंटिअर (लोकांना कायदेशीर मदतीपर्यंत पोचवणारे स्वयंसेवक) घ्या. त्यात निवृत्त शिक्षक, निवृत्त कर्मचारी, ज्येष्ठ नागरिक हे गट योजनेतच लिहिलेत. जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात विचारा. मानधन कामाच्या दिवसापुरतं मिळतं, त्यावर घर चालणार नाही हे आधीच सांगते. बाल कल्याण समितीचे सदस्य व्हायला वय ३५ च्या वर आणि मुलांच्या आरोग्य, शिक्षण किंवा कल्याणाच्या क्षेत्रातला सात वर्षांचा अनुभव लागतो, महिन्यातले किमान वीस दिवस बसावं लागतं आणि मुदत तीन वर्षांची. थ्री_फेज यांना लागू नाही, पण हा धागा शिक्षिका, नर्स, समाजकार्यातल्या बायकाही वाचत असतील, त्यांनी जाहिरातीवर लक्ष ठेवा.

मध्यस्थीचंही सांगते. कोर्टातली मध्यस्थ यादी चाळीस तासांच्या प्रशिक्षणावर असते आणि तिथे वकील-न्यायाधीशच जास्त. २०२३ च्या कायद्यात सामुदायिक मध्यस्थी आली आहे, म्हणजे वस्तीतली भांडणं वस्तीतल्या मान्य माणसांनी मिटवायची. कागदावर छान आहे. पगाराची नोकरी म्हणून अजून तरी त्याच्याकडे बघू नका.

म्हसरूळची_मावशी

मी कधी लिहीत नाही, नुसती वाचते. पण हे माझ्या जवळचं आहे.

वय ५१. आधी शिवणकाम करायचे, ब्लाउज-फॉल-पिको. रेडिमेड आलं आणि ते हळूहळू बसलं. मग मुक्त विद्यापीठाचा रुग्ण सहाय्यकाचा कोर्स केला. आमच्या वर्गात मी सगळ्यात मोठी नव्हते, माझ्याहून मोठ्या दोघी होत्या. आता घरी पडून असलेले रुग्ण सांभाळते.

काम काय असतं ते स्पष्ट लिहिते, कारण लोकांना वाटतं उशाशी बसून गप्पा मारायच्या. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला बेडसोर होतो, आणि एकदा झाला की महिनोन्महिने भरत नाही. नळीने भरवायचं असेल तर डोकं उंच ठेवायचं, भरवल्यावर लगेच आडवं करायचं नाही. लघवीची पिशवी कधीही कमरेच्या वर न्यायची नाही. पंचाहत्तर किलोचा माणूस एकटीने उचलायचा नसतो, खाली घडीची चादर टाकून सरकवायचा. हे मला कोर्समध्ये शिकवलं म्हणून आज कंबर शाबूत आहे. माझ्याबरोबरच्या न शिकता आलेल्या दोघींची गेली.

वयाचा इथे फायदाच. घरचे लोक वीस वर्षांच्या मुलीवर आजोबांना सोडून जायला कचरतात, आणि ती मुलगीही बिचारी घाबरलेली असते. मला बघून त्यांना हायसं वाटतं. मरण बघितलेली बाई लागते अशा घरात.

आता दुसरी बाजू. मी आधी एका एजन्सीतर्फे जायचे (नाव लिहीत नाही). घरचे जे देत, त्यातला तिसरा हिस्सा वाटेतच राहायचा. बारा तास ड्युटी, सुट्टी घेतली तर खाडा. आणि घरोघरी तेच: दोन दिवस झाले की 'मावशी, तेवढी भांडी'. आता मी स्वतःच्या ओळखीवर काम घेते आणि पहिल्याच दिवशी कागदावर लिहून देते, रुग्णाचं सगळं करीन, घराचं काही करणार नाही, महिन्याला चार सुट्ट्या. दोन घरांनी त्यावर नाही म्हटलं. बरं झालं.

थ्री_फेज दादा, पुरुष रुग्णांसाठी पुरुष माणूस मिळतच नाही. तुम्हाला जमेल की नाही माहीत नाही, पण कुणी वाचत असेल तर सांगते, काम भरपूर आहे.

थ्री_फेज

मावशी, मनापासून आभार. माझ्या वडिलांना शेवटी अशीच माणसं लागली होती. मला ते जमेल असं वाटत नाही, खोटं कशाला बोलू.

संपादक मंडळ

'घरबसल्या ४० हजार' छापाचे दोन प्रतिसाद उडवले आहेत. पुन्हा आल्यास आयडी बंद होईल.

स्टेथोच्या_मागे

मी नाशकातल्या एका धर्मादाय रुग्णालयात बायोमेडिकल (वैद्यकीय उपकरणांची देखभाल) बघतो. थ्री_फेज, तुम्ही शाळा-दवाखाना म्हणालात, पण दवाखान्यात तुम्ही काय कराल असं कुणी विचारलंच नाही. मी सांगतो.

नाशिककरांना २१ एप्रिल २०२१ विसरता येणार नाही. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली, दाब पडला, वीसहून जास्त माणसं गेली. त्यानंतर देशभर हवेतून ऑक्सिजन बनवणारे प्लांट बसले, एकट्या पीएम केअर्समधून बाराशेच्या वर. बसवायला पैसे आले, उद्घाटनं झाली. चालवायला माणूस? तो कुणाच्याच अंदाजपत्रकात नव्हता. हिशेबनीस वर म्हणाले तीच गत. हा प्लांट म्हणजे मुळात कॉम्प्रेसर, ड्रायर, फिल्टर आणि झिओलाइटच्या (हवेतला नायट्रोजन शोषणारे दाणे) टाक्या. ओलावा आत गेला की झिओलाइट खराब. महिनोन्महिने बंद ठेवला की ऐनवेळी शुद्धता मिळत नाही. ९३ टक्क्यांच्या आसपास हवी ती खाली घसरते. जोडीला डीजी सेट (डिझेल जनरेटर), यूपीएस, ऑपरेशन थिएटरचं अर्थिंग, लिफ्ट, आग लागण्याची शक्यता असलेलं जुनं वायरिंग. अतिदक्षता विभागांना आगी लागल्याच्या बातम्या आपण वाचतो, त्यात चौकशीअंती बहुतेक वेळा विजेचंच काहीतरी निघतं.

मोठ्या कॉर्पोरेट रुग्णालयांकडे टीम असते. पन्नास ते शंभर खाटांच्या ट्रस्टच्या रुग्णालयांकडे एक वायरमन असतो, तोही गरज पडेल तेव्हा फोन करून बोलवायचा. आम्हाला रोज दिवसभराचा माणूस परवडत नाही, पण आठवड्याला तीन दिवस, लॉगबुक ठेवणारा, प्रत्येक वस्तूची देखभाल वेळेवर करणारा आणि डॉक्टरला 'हे आज बंद ठेवा' असं तोंडावर सांगू शकणारा हवा असतो. पंचवीस वर्षांचा मुलगा सर्जनला असं सांगू शकत नाही. तुम्ही प्रॉडक्शन मॅनेजरशी भांडलेले असणार, तुम्हाला जमेल.

टवाळ_नाशिककर

आता गंमत बाजूला ठेवून: हा प्रतिसाद वर पिन करा रे कुणीतरी.

निफाडी

आमच्याकडेही ऐका. द्राक्ष-टोमॅटोची शेतकरी उत्पादक कंपनी आहे, लहान. सरकारची दहा हजार एफपीओंची (म्हणजे अशाच शेतकरी कंपन्यांची) योजना २०२० ला आली, त्यात तीन वर्षांपर्यंत सीईओच्या पगाराला महिना २५ हजारांपर्यंत आणि हिशेबनिसाला दहा हजारांपर्यंत मदत आहे. तीन वर्षं संपली की बहुतेक कंपन्यांचा सीईओ जातो आणि कागदपत्रं लोंबकळत राहतात. निवृत्त बँकवाले, मार्केट कमिटीतले, खत कंपनीतले लोक इथे सोन्यासारखे. कोल्ड स्टोअरेज, प्री-कूलिंग असेल तर मेंटेनन्सवालाही. द्राक्ष तोडलं की काही तासांत थंड करावं लागतं, हंगामात रात्री दोनला कॉम्प्रेसर बंद पडला तर कंटेनरचं काय होतं ते विचारू नका.

टेट_उत्तीर्ण

निर्यातीची द्राक्षं थंड करणं ही समाजसेवा? कमाल आहे.

निफाडी

भाऊ, कंटेनर परत आला तर दीडशे घरांचं वर्ष जातं. तुला ती सेवा वाटत नसेल तर नको वाटू दे, पगार मात्र वेळेवर देतो आम्ही.

घाटमाथा

पेठ तालुक्यातून लिहितोय, रेंज आली की पाठवतो. आमच्याकडे पाऊस एवढा की जुलैत अंगण दिसत नाही, आणि एप्रिलमध्ये बायका विहिरीत उतरून वाटीने पाणी भरतात. फोटो सगळ्यांनी बघितलेत. आता नळयोजना झाल्या बऱ्याच गावांत. टाकी आहे, पाइप आहे, मोटार आहे. पण मोटार जळते. नाशिकला रिवाइंडिंगला (जळालेली तार पुन्हा गुंडाळायला) जाते, पंधरा दिवस येत नाही, तोवर पुन्हा हंडा. ग्रामपंचायतीचा पाणी सोडणारा माणूस व्हॉल्व्ह उघडतो, त्याला त्यापुढचं कुणी शिकवलेलं नाही आणि त्याचा पगार किती तो विचारू नका.

थ्री_फेज

एक मिनिट. मोटार वारंवार जळते म्हणजे कशाने? तिकडे एक फेज जाते का? स्टार्टरमध्ये सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर (एक फेज गेली की मोटार बंद करणारा) आहे की काढून टाकलाय? ओव्हरलोड रिले कितीवर सेट आहे? केबल किती लांब आणि कितीच्या जाडीची?

घाटमाथा

प्रिव्हेंटर होता. सारखा ट्रिप होतो म्हणून कुणीतरी बायपास केला. बाकीचं मला कळत नाही.

थ्री_फेज

मग जळणारच. ट्रिप होत होता कारण खरोखर फेज जात होती. त्याचं काम तो करत होता. लांबच्या गावाला व्होल्टेजही पडत असणार, मोटार जास्त करंट ओढते आणि तापते. पाचशे-हजाराच्या वस्तूपायी दर वेळी रिवाइंडिंगचे हजारो जातायत. आणि पाणी बंद ते वेगळंच.

हिशेबनीस

😄 थ्री_फेज, तुम्ही नोकरी शोधताय की नोकरी तुम्हाला शोधतेय?

आता पैशाचं बघू. एका ग्रामपंचायतीला तुमचा पगार झेपणार नाही. सात-आठ गावांनी मिळून महिन्याचं ठरावीक द्यायचं, पाणीपट्टीतून किंवा ग्रामपंचायतीच्या निधीतून, ठराव करून. जळालेल्या मोटारींवरचा गेल्या दोन वर्षांचा खर्च आधी काढा, तो आकडा सरपंचांसमोर ठेवला की बोलणी सोपी होतात. त्या भागात पाण्यावर काम करणारी संस्था मध्ये घेतलीत तर पहिल्या वर्षाचा पगार सीएसआरमधून बसवता येईल. पण ग्रामपंचायतीचे पैसे उशिरा येतात, कधी कधी फार उशिरा. नुसतं त्यावर राहू नका.

स्टेथोच्या_मागे

म्हणूनच म्हणतो, तीन दिवस आमच्यासारख्या रुग्णालयात, दोन दिवस घाटावर. रुग्णालयातून महिन्याचे बारा-तेरा नक्की सुटतील, बाकी वरचे तिकडून. आमच्या ट्रस्टींशी मी बोलतो, व्यनि केलाय. एक अट घाला, नेमणूक पत्रात अधिकार लिहून घ्या: असुरक्षित वाटलं तर उपकरण बंद ठेवायचा अधिकार. तो नसेल तर तुम्ही फक्त सही करणारे आणि उद्या काही झालं तर अडकणारे.

वकिलीण_मेहेरसिग्नल

याला दुजोरा. आणि कामाची व्याप्तीही लिहा. मावशींनी भांड्यांचं जसं लिहून दिलं तसं.

टेट_उत्तीर्ण

एक विचारू? माझा चुलतभाऊ आयटीआय वायरमन आहे, २२ वर्षांचा, हरसूलचा. घरीच बसलाय. घाटावरच्या कामात त्याला बरोबर घेता येईल का? राहतो तिथेच, रात्री मोटार बंद पडली तर तोच जाणार ना.

थ्री_फेज

घेता येईल नाही, घ्यावाच लागेल. मी सिडकोतून रात्री तिकडे पोचणार कधी? पण त्याचाही पगार ठरावात आला पाहिजे, शिकाऊ म्हणून फुकट राबवणार नाही. हिशेबनीस साहेब, दोन नावं टाकली तर गावं मान्य करतील?

हिशेबनीस

दहा गावं केलीत तर करतील. दोघांना मिळून मागा, वेगवेगळं नको. आणि पेट्रोल पगारात धरू नका, वेगळी ओळ ठेवा.

गोदाकाठ

दहा गावांत जाणार असाल तर आमच्या संघाकडे एक जीप आहे, रविवारी उभीच असते. पहिल्या पाहणीला न्या. डिझेल तुमचं.

थ्री_फेज

काका, हे भारी झालं. येत्या रविवारी निघू. ट्रस्टींना गुरुवारी भेटतोय. घाटमाथा, तुमच्याकडे पाहणीला काय काय लागेल? मीटर, क्लॅम्प मीटर माझ्याकडे आहेत.

घाटमाथा

मेगर (मोटारीचं इन्सुलेशन तपासायचं मीटर) आणा. इथे तालुक्यात कुणाकडे चालू मेगर नाही. आणि नऊच्या आत पोचा, दहानंतर लाइट जाते.